हातभर वायर

माझी आई ८१ वर्षांची आहे. संध्याकाळी टीव्हीवर कीर्तन लागलं की भिंतीला पाठ टेकून बसते आणि मांडीवर बोटांनी ठेका धरते. दिवाळीत मुलाने पुण्याहून साउंडबार आणला, टीव्हीखाली ठेवायचा तो लांबट स्पीकर. ब्लूटूथवर जोडूनही दिला. आवाज मोठा झाला, सगळे खूश. पण आईची बोटं थांबली. आठवडाभर ती काही बोलली नाही. मग एका संध्याकाळी हळूच म्हणाली, "अरे, पखवाजावर थाप आधी पडती अन् आवाज मागून येतोय. का माझेच कान गेले?"

मी पडद्याजवळ जाऊन बसलो. पखवाजवाल्याचा हात पुडीवरून उचलला जायचा आणि मग थाप ऐकू यायची. टाळकऱ्यांचे टाळ एकमेकांपासून दूर झाल्यावर वाजायचे. आईचे कान शाबूत होते. कानाच्या डॉक्टरांकडे संभाजीनगरला जायचं ठरवलं होतं, ते रद्द केलं. पण एका म्हाताऱ्या बाईने आठवडाभर दोष स्वतःच्या कानांना दिला, याचा राग अजून गेलेला नाही.

दुकानात विचारलं तर म्हणाले, "काका, टीव्हीत ऑडिओ डिले असतं, ते करा." केलं. आमच्या टीव्हीत त्या सेटिंगने आवाज आणखी मागे ढकलता येतो, पुढे ओढता येत नाही. आधीच उशिरा येणाऱ्याला आणखी थांबवून काय उपयोग?

कारण समजून घेतलं तेव्हा कळलं की दोष हवेतून येण्याचा नाही. ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान करतात, मग त्याच्या पुड्या बांधून धाडतात. पलीकडे थोडा साठा जमू देतात, म्हणजे मध्ये एखादी पुडी हुकली तरी आवाज तुटत नाही. मग पुड्या सोडून वाजवतात. साध्या जोडणीत या सगळ्याला दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद लागतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत मोजून दिलं आहे की आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की माणसाच्या लक्षात येऊ लागतं. मागचा आवाज आपण जास्त खपवून घेतो, कारण ती सवय जन्माची आहे. गिरिजा नदीच्या पलीकडच्या काठावर कोणी धुणं आपटत असेल तर आधी हात दिसतो, मग आवाज येतो. पण आईने उभ्या आयुष्यात भजनात ठेका धरलाय. तिला ते कसं खपेल?

आणि मला जुना अँटेना आठवतो. दूरदर्शनच्या काळात आमच्या माळवदावर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा तो सांगाडा म्हैसमाळच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभा असायचा. वाऱ्याने फिरला की पडद्यावर मुंग्या यायच्या, मग एकाने वर जाऊन फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून ओरडायचं. तेही बिनतारीच होतं. म्हैसमाळहून इथे फुलंब्रीपर्यंत वीस-पंचवीस किलोमीटर हवेतून यायला लहरीला सेकंदाचा दहा हजारावा भागही लागत नसे, आणि चित्र-आवाज बरोबर यायचे. आज टीव्हीपासून त्याच्या खाली हातभर अंतरावर ठेवलेल्या डब्यापर्यंत आवाज वेळेवर पोचत नाही. हे मला पटत नाही आणि पटवून घ्यायची इच्छाही नाही.

उपाय होता आणि तो साउंडबारच्या पाठीवरच होता. एचडीएमआयचं भोक, त्यावर बारीक अक्षरात 'एआरसी'. २००९ पासून ही सोय आहे: टीव्हीचा आवाज त्याच वायरने उलटा स्पीकरकडे जातो. भोक होतं, पण खोक्यात वायर नव्हती. खोक्यावर 'वायरलेस' मात्र मोठ्या अक्षरात. एवढ्या किमतीच्या वस्तूबरोबर हातभर वायर देऊ नये, ही मला ग्राहकाची अडवणूक वाटते. मी वायर विकत आणली, दोन टोकं खोचली, टीव्हीत 'एआरसी' निवडलं. थाप आणि हात एकत्र आले. आईची बोटं मांडीवर परत चालू झाली.

आता 'वायरलेस' या शब्दाबद्दल. मागे ठेवायचे दोन छोटे स्पीकरही बिनतारी म्हणूनच विकतात. त्या प्रत्येकाला लाइटीचा प्लग लागतो. म्हणजे खोलीच्या मागच्या भिंतीवर दोन सॉकेट हवेत. आमच्याकडे एकही नव्हतं, म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड दारातून फिरवून आणला, आणि आई त्यावर अडखळली. जी वायर वाचवायची होती तिच्याहून जाड वायर जमिनीवर आली. शिवाय लाइट जाऊन आली की हे स्पीकर एकमेकांना शोधत बसतात, आणि लाइट आमच्याकडे जाते. एकदा बातम्या चालू असताना अंगणात बसलेल्या भाच्याच्या फोनला आमचा साउंडबार सापडला आणि घरभर त्याच्या रील वाजू लागल्या.

बिनतारी सगळं वाईट असं मी म्हणत नाही. रात्री नातू इअरफोन कानाला लावून गाणी ऐकतो, तिथे वायर हवी कशाला? वायर उंदीर कुरतडतात, तेही खरं. पण जी वस्तू भिंतीवरून हलणार नाही तिला वायरच हवी. आमच्या जुन्या घराची दगड-मातीची भिंत दीड हात जाड आहे. तिच्यापलीकडच्या राउटरवरून टीव्हीवर सिनेमा पाहताना गोल चक्र फिरत राहायचं. फोर-के चित्राला १५ एमबीपीएस वेग पुरतो. साधी कॅट-५ई नेटवर्क वायर १०० मीटरपर्यंत हजार एमबीपीएस नेते. वायरमन म्हणाला, "आता कोण वायर टाकतं काका?" त्याला म्हटलं, मी टाकतो. भिंतीला झिरी मारावी लागली, गिलावा पुन्हा करावा लागला, घरभर चार दिवस धूळ होती. गोल चक्र त्यानंतर दिसलेलं नाही.

फुलंब्रीत सध्या बरीच नवी घरं होत आहेत. ज्यांचं बांधकाम चालू आहे त्यांना हात जोडून सांगतो: गिलाव्याआधी राउटरच्या कोपऱ्यापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत आणि तिथून मागच्या भिंतीपर्यंत एक इंची पाईप टाकून घ्या. पुढे वायर ओढता यावी म्हणून आत तार सोडून ठेवा. मागच्या भिंतीवर दोन सॉकेट काढा. गवंडी नको म्हणेल, वायरमन हसेल, तरी करून घ्या. आणि साउंडबार घेतलात तर एचडीएमआयची वायर मागितल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.