नंदुरबारी काचपेटी : स्थापना, संगोपन आणि पाहुण्यांपासून बचाव

माशांच्या काचपेटीचे अर्ज आपल्याकडे बहुधा वास्तुशास्त्राच्या खिडकीतून येतात. ईशान्येला पाणी, पाण्यात आठ सोनेरी मासे, नववा काळा, आणि महिनाभरात अडकलेली उधारी वसूल. सदर मार्गदर्शिका त्या अर्जदारांसाठी नाही. पाच वर्षांनीही त्याच पेटीत तीच हिरवळ पाहायची ज्यांची तयारी आहे, आणि जे मे महिन्यात जिल्हा सोडून पळत नाहीत, अशा पात्र लाभार्थ्यांनीच पुढे वाचावे.

प्रथम जागा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत साधारण ५५ लिटर पाणी मावते. वाळू, दगड, काच धरून वजन पाऊण क्विंटलकडे जाते. सबब फ्रिजची पाठ आणि टीव्हीचे शोकेस बाद. खिडकीही बाद, कारण आपल्याकडच्या उन्हात तिथे आधी शेवाळ होते आणि मग कालवण.

मग माती. तळाला इंचभर काळी माती, तिच्यावर दीड-दोन इंच वाळू. माती मिरचीच्या शेतातली अजिबात नको. नंदुरबारची मिरची देशभर जाते ते खरे, पण तिच्यावरची फवारणी माशांना सोसत नाही. खत न पडलेल्या बांधावरची माती घ्यावी. वाळूला तापी आहेच. मात्र एक बादली पुरते. जास्त लागत असेल तर तो छंद नव्हे, धंदा, आणि त्याला रॉयल्टीची पावती व रात्रीचा डंपर लागतो. वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवावी, नंतर चिमूटभर बशीत घेऊन वर लिंबू पिळावे. फेस आला तर वाळूत चुना आहे. आपल्या बोअरच्या पाण्यात तो आधीच मुबलक असतो, घरपोच आणखी नको.

वनस्पतींत व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, क्रिप्टोकोरिन ही मंडळी कणखर. हायड्रिला जरा जपून. १९५०च्या दशकात काचपेटीच्या व्यापाऱ्यांमार्फत ती श्रीलंकेतून फ्लोरिडात गेली आणि तिथली तळी-कालवे बुजवून बसली. आपल्याकडचा माणूस परदेशी गेला की जम बसवतोच, वनस्पतीही त्याला अपवाद नाही. दिवा रोज सहा ते आठ तास. त्याहून जास्त प्रकाशाचा लाभ फक्त शेवाळाला मिळतो.

आता सर्वांत कठीण टप्पा : काहीही न करणे. लावणी झाली, पाणी भरले, फिल्टर सुरू झाला की चार ते सहा आठवडे पेटीत मासा सोडायचा नाही. चिमूटभर खाद्य तेवढे पाण्यात कुजू द्यायचे. त्यातून अमोनिया सुटतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, आणि ते वनस्पती खातात. पहिले दोन पदार्थ माशांना विष आहेत, तिसरा बराच सौम्य. हे जिवाणू वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करेपर्यंत थांबावे लागते. या काळात येणारा प्रत्येक जण विचारतो, “मासे कुठे आहेत?” गंभीर चेहऱ्याने सांगावे, “जिवाणू पाळलेत.” विचारणारा घरातल्या इतरांकडे काळजीने पाहतो. पाहू द्यावे.

हा खटाटोप नवा नाही. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने १८५०च्या सुमारास दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया एका भांड्यात ठेवली. पाने सडून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या आणि तोल जमला. त्याच्याकडे लंडनची थंडी होती, आपल्याकडे ती सोय नाही.

म्हणून माशांची निवड थर्मामीटर पाहून करावी. निऑन टेट्राला मऊ आणि चोविसेक अंशांचे पाणी लागते. उन्हाळ्यात त्याला तोरणमाळला ठेवण्याची ऐपत असेल तरच घ्यावा. गोल्डफिशलाही थंडावा हवा, शिवाय तो रोपे उपटून खातो. एंजल लहान मासे गिळतो. टायगर बार्ब आणि लांब शेपटीचा मासा एकत्र ठेवणे म्हणजे एका बांधावर दोन भाऊ. ‘काच साफ करतो’ म्हणून गळ्यात मारलेला सकर फूटभराच्या पुढे वाढतो, आणि मग मालक त्याला रात्री तापीत सोडायला निघतो. तसे करू नये. नदीत आगंतुक आधीच पुष्कळ आहेत.

उरले कोण? गप्पी. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खाते डबक्यांत सोडते, तेच. रंगाने फिके, पण गटारीच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले, आणि जड पाणी त्यांना मानवते. सोबत झेब्रा मासे, हे तर भारतातल्याच ओढ्यांतले. उडी मारतात, म्हणून झाकण हवे. एका गप्पी नराला दोन-तीन माद्या ठेवाव्यात. मादी दर महिन्याला वीस-तीस पिल्ले देते. थोडी आईच खाते. उरलेली आहेरात द्यावीत, परत येत नाहीत.

मे महिना. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि रात्री वनस्पतीही तोच ओढतात. त्यामुळे खरा धोका दुपारी नव्हे, पहाटे, तोही वीज गेलेल्या पहाटे. इन्व्हर्टरवर पंप चालेल की आजोबांचा पंखा, हा प्रश्न चर्चेने सुटत नाही. बॅटरीचा पंप वेगळा घ्यावा. कूलरचा झोत पाण्यावरून गेला तर दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. ती तूट आरओच्या पाण्याने भरावी. एरवी आठवड्याला पाव पेटी पाणी बदलावे. नळाचे असेल तर बादलीत दिवसभर ठेवून. स्पंज पेटीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळावा. नळाखाली धुतला तर पाळलेले जिवाणू क्लोरीनने मरतात आणि ‘मासे कुठे आहेत?’चा हंगाम पुन्हा सुरू होतो.

पाहुणे मात्र कोणत्याही औषधाने जात नाहीत. मावशी सोफ्यावरून उठते, काचेला नाक लावते, “तेस्ले भूक लागनी व्हई!” म्हणते आणि बशीतली शेव पाण्यात जाते. तेलाचा तवंग ताबडतोब कागदाने टिपून घ्यावा. मावशीला काही बोलू नये, लग्नकार्ये समोर असतात.

दिवाळीत आठवडाभर सुरतेला जाताना मासे उपाशी ठेवावेत. धडधाकट माशाला आठ दिवसांचा उपास काहीच नाही. खाद्याचा डबा कुलपात ठेवावा आणि किल्ली सोबत न्यावी. शेजाऱ्यांना फक्त ‘लाइट आली का’ एवढे फोनवर विचारावे, ‘मासे कसे आहेत’ हे विचारू नये, नाहीतर ते बघायला येतात, आणि येताना रिकाम्या हाताने येत नाहीत.