एडिथचं बघा कुणीतरी

लग्नं जुळवणाऱ्या मावशीवर एक दिवस येतो. भाचवंडं परदेशी जातात, आपापलं परस्पर उरकून फक्त फोटो पाठवतात, आणि मावशी रिकामी होते. अशा मावशीला कुणीतरी ‘डाउन्टन अ‍ॅबी’ लावून द्यावी. 6 सीझन, 52 भाग, घरात तीन उपवर मुली आणि पाठचा भाऊ एकही नाही!

आपण मेरी-मॅथ्यूच्या नजरानजरेवर जीव टाकत असतो. मावशीचं लक्ष सातबाऱ्याकडे. टायटॅनिकबरोबर वारसदार बुडाला म्हटल्यावर तिने मालिका थांबवून विचारलं, “म्हणजे आता वाडा कुणाला?” लांबचा चुलतभाऊ मॅथ्यू, मँचेस्टरचा वकील, सगळी इस्टेट त्याच्याच नावावर येणार. “मग बघताय काय? देऊन टाका पोरीला.” मेरीला हो म्हणायला दोन सीझन आणि एक महायुद्ध लागलं. तसं बघितलं तर ज्यूलियन फेलोजने कथा बेतलीय ती याच हिशेबावर. मुलींना वारसा नाही, आईचा अमेरिकन पैसा इस्टेटीत अडकलेला. आम्ही सगळे हुंदके देत बसलो होतो. विषय कळला होता तो तिला एकटीला.

जीव मात्र तिचा एडिथवर. मधलीकडे कुणाचं लक्ष नसतं, हे मावशी स्वतः मधली असल्याने जाणून आहे. सर अँथनी स्ट्रॅलन बापाच्या वयाचा, युद्धात एक हात निकामी झालेला. त्यालाही तिने “स्वभावाने गरीब आहे” म्हणून पसंत केलं होतं. तो भर चर्चमधून, पाद्रीसमोरून माघारी फिरला, तेव्हा मावशी घसरली ती आजीवर. कारण त्याला जाऊ दे म्हणून नातीची समजूत घालणारी तीच. “मांडवातून नवरामुलगा चाललाय आणि ही म्हातारी वाट करून देतेय! कसली मेली काउंटेस!”

पुढे ग्रेगसन आला. संपादक, त्यात बायको वेड्यांच्या इस्पितळात. घटस्फोटासाठी जर्मनीला गेला तो गेलाच. मावशीने त्याला आधीच बाद केलं होतं. पगार कुणी सांगितला नव्हता. मग बर्टी. दुसऱ्याच्या किल्ल्यावरचा कारभारी म्हणून त्याच्यावरही नाक मुरडून झालं. पण त्याचा भाऊबंद वारला, हाच मार्क्विस झाला, आणि मार्क्विस म्हणजे एडिथच्या बापाच्याही वरचा, हे कळताच मावशी म्हणाली, “मी पहिल्यापासून सांगत होते.” कुणाला, ते विचारायची सोय नाही.

मॅथ्यू मोटारीच्या अपघातात गेल्यावर मेरीने दुसरा नवरा केला तो मोटारींच्या शर्यती मारणारा. यावर मावशीने कपाळाला हात लावला, बोलली नाही.

खालच्या स्वयंपाकघरात तर आनंदच. डेझीला आल्फ्रेड हवा, आल्फ्रेडला आयव्ही, आयव्हीला जिमी, आणि जिमीला फक्त जिमी. मावशीच्या मते ही पोरं कामाला कमी पडत होती.

तिचा आवडता भाग मात्र कार्सनचा. उतारवयात लग्न केलेले हे बटलरसाहेब घरी येऊन बायकोच्या स्वयंपाकात खोडी काढू लागतात, तेव्हा मिसेस ह्यूज हात दुखावल्याचं सोंग करून त्यांनाच चुलीपुढे उभं करते. मावशीने तेवढं पुन्हा लावलं आणि आत हाक मारली, “अहो, जरा इकडे या, बघण्यासारखं आहे.”

काकांनी आतूनच सांगितलं, चष्मा सापडत नाहीये.