कुरकुंभ ते अंधेरी, व्हाया दौंड

कुरकुंभहून आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामन्याला जाण्याचे मार्ग दोन. एक दौंड गाठून रेल्वेने, दुसरा चौकात उभे राहून पुण्याकडे तोंड असलेली जी गाडी थांबेल तिने. गाव पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. दौंड-बारामती रस्ता महामार्गाला छेदतो तो चौक म्हणजे कुरकुंभ. गावाची ख्याती दोन गोष्टींसाठी, फिरंगाई देवी आणि रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी. फुटबॉलचा या दोहोंशी काही संबंध नाही. पण ज्या गावची देवीच फिरंगाई, त्या गावाला फिरंग्यांच्या खेळाचे वावडे असावे, असे मानायलाही आधार सापडत नाही.

सामना मात्र गावाकडे येत नाही, गावालाच सामन्याकडे जावे लागते. सर्वांत जवळचे मोठे स्टेडियम बालेवाडीचे, 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले. तिथे आंतरराष्ट्रीय फुटबॉल क्वचित अवतरतो आणि अवतरलाच तर मुहूर्त बघत नाही. आशियाई चँपियन्स लीगमधला मुंबई सिटी विरुद्ध इराणचा नस्साजी माझंदरान हा सामना तिथे 18 सप्टेंबर 2023 रोजी झाला. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. त्या संध्याकाळी पुण्याच्या रस्त्यांवर गणपती आणि प्रेक्षक एकाच वाहतुकीत होते. त्यांतल्या गणपतीची निदान घरी पोचल्यावर आरती होणार होती. मुंबई 0-2 हरली. तेव्हा जातिवंत प्रेक्षक बालेवाडीवर भिस्त न ठेवता सरळ मुंबई गाठतो. त्या प्रवासाचा नमुना म्हणून अंधेरीचा 4 जून 2018 चा भारत-केनिया सामना घेणे सोयीचे आहे, कारण त्यात प्रेक्षक हाच मुख्य विषय होता.

त्याआधी तीन दिवस, 1 जूनला, भारताने त्याच मैदानावर चिनी तैपेईला 5-0 हरवले. कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि ते पाहायला 2,569 माणसे होती. दौंड तालुक्यात एवढी माणसे साखरपुड्याला येतात असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण लग्नाला येतात. कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम शाहू स्टेडियमवर समोरासमोर आल्या की याच्या कितीतरी पट माणसे जमतात, आणि त्यांतल्या कुणापुढेही खेळाडूला येऊन हात जोडावे लागत नाहीत. छेत्रीने ते केले. 2 जूनला त्याने एक व्हिडिओ टाकला. त्याचा मथितार्थ असा की टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. शिव्या देण्याचे असे जाहीर आणि सन्मानपूर्वक निमंत्रण मराठी माणसाला फार वेळा मिळत नाही. पुढच्या सामन्याची तिकिटे संपली.

तयारीत पहिली येते जर्सी. भारताचा सामना पाहायला निघालेल्या प्रेक्षकाच्या अंगावर बहुधा अर्जेंटिनाची जर्सी असते. यात देशद्रोह नाही, पुरवठ्याची अडचण आहे. मेस्सीचा 10 नंबर आठवडे बाजारात हँगरला लटकलेला मिळतो. छेत्रीचा 11 छापून घ्यावा लागतो, आणि छापणारा ‘छेत्री’चे स्पेलिंग विचारतो. लांबून दोन्ही निळ्याच दिसतात, या तत्त्वावर खरेदी होते. पुढे 10 जूनला, हे सामने ज्या स्पर्धेतले होते तिच्या अंतिम सामन्यात, छेत्रीने दोन गोल करून आपला आकडा 64 वर नेला आणि तेव्हाच्या मेस्सीच्या आंतरराष्ट्रीय गोलांची बरोबरी केली. त्यामुळे त्या सर्व जर्स्या पूर्वलक्षी प्रभावाने वैध ठरल्या.

दुसरी तयारी डब्याची. बाजरीच्या भाकऱ्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा. कांदा फोडायला बुक्की पुरते, म्हणून सुरी घेत नाहीत. हा डबा पुढे महत्त्वाचा ठरतो.

रेल्वेने जाणाऱ्याची पहिली परीक्षा कुरकुंभ मोरी. ही मोरी नावाने कुरकुंभची असली तरी आहे दौंडात, रुळांच्या खाली. दोन्ही बाजूंनी उसाचा ट्रॅक्टर, टमटम, दुचाकी आणि एखादी वरात एकाच वेळी आत शिरू पाहतात, आणि पाऊस पडला की त्यात पाणीही शिरते. जगातल्या मोठ्या स्टेडियमांच्या दारांवर गर्दी कशी हाताळावी याचे शास्त्र आहे. मोरीत ते सगळे शास्त्र एक वाहक खाली उतरून, हात हलवून आणि घसा ताणून चालवतो. ही मोरी पार केलेला माणूस पुढे कोणत्याही फाटकात दबकत नाही.

रस्त्याने गेल्यास पाटस, वरवंड, चौफुला, यवत, उरुळी कांचन असा क्रम लागतो. वरवंड आणि यवत हे तुकोबांच्या पालखीचे मुक्काम, त्यामुळे लाखोंच्या गर्दीत चप्पल न हरवता चालणे हे इथल्या माणसाला शाळेत जायच्या आधी येते. चौफुला त्याहून वेगळे शिक्षण देतो. तिथल्या कला केंद्रांत प्रेक्षकाने केव्हा शिट्टी मारायची, केव्हा गप्प बसायचे आणि केव्हा नोट काढायची याचे नियम आहेत, आणि ते फुटबॉलच्या नियमांपेक्षा जुने आहेत की काय अशी शंका येते. युरोपात प्रेक्षकाने मैदानात नाणे भिरकावले तर क्लबला दंड होतो. चौफुल्यात त्याला दौलतजादा म्हणतात आणि भिरकावणाऱ्याला पुढची खुर्ची मिळते.

अंधेरी पश्चिमेचे स्टेडियम म्हणजे क्रीडा संकुलातला मुंबई फुटबॉल अरेना. मेट्रोचे आझाद नगर स्टेशन जवळ. दारावर तपासणी. भारतातल्या मोठ्या स्टेडियमांच्या दारावर जी नेहमीची मनाई असते, तिच्यात पाण्याची बाटली, चिल्लर, हेल्मेट, पॉवर बँक, छत्री आणि बाहेरचे खाणे हे सगळे बसते. जून महिना, मुंबई, आकाश भरलेले, आणि छत्रीला बंदी. प्रेक्षक छत्रीबद्दल वाद घालत नाही. वाद डब्यावर होतो.

“साहेब, ठेचा आहे ओ, काही स्फोटक नाही.”

“काका, वास घेतलाय मी. खाऊन या नाहीतर ठेवून या.”

मग फुटपाथवर डबा उघडला जातो आणि चार माणसांसाठी बांधलेल्या अकरा भाकऱ्या दोन माणसे दहा मिनिटांत संपवतात. रक्षकालाही अर्धी मिळते. त्यानंतर हीच माणसे नव्वद मिनिटे उड्या मारणार असतात, हे ध्यानात घेता फुटबॉलच्या प्रेक्षकावर कोणी वैद्यकीय ग्रंथ कसा लिहिलेला नाही, याचे नवल वाटते.

आत शिरल्यावर प्रश्न जागेचा. तिकिटावर खुर्चीचा नंबर असतो. एसटीत वाढलेल्या माणसाचा विश्वास मात्र रुमालावर. खिडकीतून टाकलेला रुमाल ज्या बाकावर पडेल तो बाक आपला, हा कायदा स्टेडियमलाही लागू आहे असे धरून तो ओळीच्या ओळी रुमालांनी राखतो. प्रत्यक्षात जागेचा उपयोग फक्त उभे राहायला होतो. ढोल घेतलेली, पाठ मैदानाकडे आणि तोंड प्रेक्षकांकडे करून उभी असलेली चार पोरे ज्या स्टँडमध्ये असतात, तिथे बसणे असभ्यपणा समजतात. 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, त्याच वर्षी राष्ट्रीय संघामागे फिरणारा ‘ब्लू पिलग्रिम्स’ हा चाहत्यांचा गट उभा राहिला. पिलग्रिम म्हणजे वारकरीच. ढोल बडवणारा पोरगा दिंडीतल्या चोपदाराचे काम करतो: केव्हा गजर, केव्हा थांबा, केव्हा पुन्हा. फरक एवढाच की चोपदाराला विठ्ठल शेवटी भेटतो. या पोराला नव्वद मिनिटांत एकही गोल पाहायला मिळत नाही, कारण त्याची पाठ मैदानाकडे असते.

कुरकुंभच्या ज्येष्ठ प्रेक्षकाची अडचण निराळी. त्याने आयुष्यभर जो सामना पाहिला तो शिरूर-खेडच्या घाटातला, बैलगाड्यांचा. तिथे बारी बारा-पंधरा सेकंदांत आटोपते. निशाण पडले, गाडा सुटला, घोडी पुढे धावली, भंडारा उधळला, घड्याळ थांबले, पुढची बारी. इथे पंधरा सेकंदांत गोलकीपरचे हातमोजेसुद्धा चढवून होत नाहीत.

“ही बारी किती टायमाची रं?”

“दीड तासाची, आबा.”

“मंग जनावर मरंल की!”

“मधी पंधरा मिन्टं सोडत्यात, आबा. पानी पाजाया.”

या माहितीने आबांचे समाधान होते आणि ते खेळाडूंचे पाय पाहू लागतात, ज्या नजरेने खिलार पाहतात त्या नजरेने. त्यांचा अंदाज पुष्कळदा प्रशिक्षकापेक्षा बरा निघतो, पण तो विचारात घेण्याची सोय अजून नाही.

आवाजाची साधने हा स्वतंत्र विषय आहे. 2010 च्या दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात वुवुझेला नावाच्या वाद्याने जगाचे कान किटले. युरोपीय फुटबॉल संघटनेने त्याच वर्षी आपल्या स्पर्धांतून त्याला हद्दपार केले. जत्रेत पाळण्याशेजारी मिळणारी ती पिपाणीच, फक्त लांब. पिपाणी आणि तुतारी यांतला फरक मात्र 2024 च्या लोकसभा निवडणुकीतल्या चिन्हांपासून बारामती मतदारसंघात, म्हणजे पर्यायाने कुरकुंभमध्ये, कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. आइसलँडच्या लोकांनी 2016 च्या युरो स्पर्धेत एक टाळी प्रसिद्ध केली. दोन्ही हात वर, एक टाळी, दीर्घ शांतता, पुन्हा टाळी, मग हळूहळू गती. भजनात टाळ धरलेल्या माणसाला यात नवीन काही दिसत नाही; फक्त मधली शांतता सोसत नाही, आणि तो तिथे एक “पुंडलिक वरदे” घालू पाहतो. शेजारचा गोरेगावचा पोरगा चमकून बघतो आणि दुसऱ्या वेळी “हाऽरी विठ्ठल” तोच म्हणतो.

रंग आणि धूर यांबाबतही असेच. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे 25 हजार माणसे पिवळे लेवून उभी राहतात, त्याला पिवळी भिंत म्हणतात आणि ती पाहायला परदेशांतून लोक येतात. सोमवती अमावस्येची जेजुरी पाहिलेला माणूस त्या छायाचित्राकडे सहानुभूतीने पाहतो. रंगीत धुराच्या नळकांड्या युरोपात पेटल्या की समालोचकाचा स्वर गंभीर होतो; त्याच दृश्यावर कुरकुंभच्या माणसाचा पहिला प्रश्न, “कुठल्या कंपनीचा?” आणि दुसरा, वारा कुठल्या बाजूचा. हे शिक्षण एमआयडीसीशेजारी राहून मोफत मिळते.

4 जूनला आठ वाजता सामना सुरू झाला तो धो धो पावसात. मैदानावर तळी साचली. चेंडू लाथाडला की जाण्याऐवजी रुतत होता. प्रेक्षकांची संख्या 9 हजारांच्या आसपास, छत्री एकही नाही. छेत्रीचा हा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. पूर्वार्धात गोल नाही. ज्यांना शिव्या द्यायला बोलावले होते त्यांनीही तोंड उघडले नाही, उघडले असते तर पाणी गेले असते. 68 व्या मिनिटाला पेनल्टी मिळाली, छेत्रीने ती घातली. तीन मिनिटांत भारताच्याच जेजेने दुसरा गोल केला. गोल झाल्यावर कोल्हापूरचा माणूस शेजाऱ्याला मिठी मारतो, मुंबईचा मोबाइल वर धरतो, आणि दौंडकडचा डोक्यावरची टोपी हवेत उडवून नंतर ओळीच्या ओळी ‘टोपी बघितली का, टोपी’ असे विचारत फिरतो. नाटक-तमाशातल्या सवयीने काहीजण वन्स मोअरही मागतात. ती सोय खेळात नाही. व्हीएआर म्हणजे पंचाला दिलेला वन्स मोअर. विश्वचषकात 2018 साली रशियात तोही आला, पण त्यात झालेला गोल परत करून दाखवण्याऐवजी पुष्कळदा काढून घेतात.

परतीचे वेळापत्रक कागदावर नीट बसते. सामना दहाच्या आत संपतो, मेट्रोने अंधेरी, लोकलने दादर, आणि तिथून सोलापूरला जाणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस, जी पहाटे दौंडला उतरवते. कागदाला पाऊस माहीत नसतो. म्हणून अनुभवी प्रेक्षक 85 व्या मिनिटापासून घड्याळ पाहू लागतो. भारत 2-0 पुढे, पाणी घोट्यापर्यंत, लोकल उशिराने. “आता काय व्हायचंय, चला दाजी,” असे मेव्हणा म्हणतो आणि दाजी उठतात. आबांना दोघे बखोटीला धरून उतरवतात. ते जिन्यात असताना वर एकदम गर्जना होते. इंज्युरी टाइममध्ये छेत्रीने धावत्या चेंडूला अलगद उचलून गोलकीपरच्या डोक्यावरून जाळ्यात टाकलेले असते. त्या संध्याकाळचा सर्वांत देखणा गोल तोच, असे नंतर सगळ्यांनी लिहिले. जिन्यात उभ्या माणसाला त्याचा फक्त आवाज मिळतो, आणि आवाजावरून गोल कोणी केला हे ओळखायला आबा पैज लावतात.

सिद्धेश्वर मिळते. जनरल डब्यात दारापाशी उभे राहून कर्जत जाते, लोणावळ्यात थंडी वाजते, पुण्यात दोन ढुंगणांपुरती जागा होते आणि तीवर तिघे बसतात. दौंडला उतरल्यावर फलाटावर चहा. तिथे मोबाइलला रेंज येते आणि तो गोल, तळहाताएवढ्या पडद्यावर, तिघे डोकी जोडून चार वेळा पाहतात. आबा पाचव्यांदा लावायला सांगतात. मोरीत गुडघाभर पाणी आहे अशी बातमी रिक्षावाला देतो, आणि दाजींची पहिली पाळी सातला असते.