कोणत्या तीरावर?

गेल्या महिन्यात मिसिसागातल्या नव्या घराची वास्तुशांत केली. संकल्प सांगताना गुरुजी ‘क्रौंच द्वीपे’ म्हणाले आणि नदीपाशी येऊन थांबले. नाशिकला काका डोळे मिटून गोदावरीचं नाव घ्यायचे. नदी इथेही आहे, घरापासून चालत वीस मिनिटांवर: क्रेडिट. व्यापारी तिच्या काठी मिसिसागा या मूळनिवासी लोकांना उधारीवर माल देत, म्हणून हे नाव. त्या लोकांनी तिला ठेवलेलं नाव मिसिनिही. विश्वासाची नदी.

त्या विश्वासाचं काय झालं? शेजारच्या टोरोंटोच्या जमिनीसाठी ब्रिटिशांनी त्यांच्याशी केलेला 1787चा करार नंतर उघडून पाहिला, तर कागद कोरा. जमिनीचं वर्णनच नाही, त्यांच्या तीन प्रमुखांची कुलचिन्हं वेगळ्या कपट्यांवर काढून वर जोडलेली! 1805 मध्ये नवा कागद केला आणि अडीच लाख एकरांसाठी दहा शिलिंग हातावर टेकवले. तो दावा मिटायला 2010 साल उजाडलं, सरकारनं साडेचौदा कोटी डॉलर मोजले. कोऱ्या कागदावरचा अंगठा म्हणजे काय, हे सावकारी सोसलेल्या आपल्या मुलखाला कुणी शिकवायला नको.

क्रेडिटच्या दोन्ही तीरांना एकेक मैल जमीन त्यांनी स्वतःसाठी राखली होती. 1820 मध्ये तीही गेली, उरले 200 एकर. निदान आपल्या गावाखालच्या जमिनीचा तरी पक्का कागद द्या, असं ते मागत राहिले. मिळाला नाही. 1847 मध्ये गाव उठलं आणि सिक्स नेशन्स या दुसऱ्या मूळनिवासी समूहानं देऊ केलेल्या जमिनीवर, हेगर्सव्हिलजवळ, पुन्हा वसलं.

माझ्या घराचा पक्का कागद कपाटात आहे. त्यासाठी मला एकदाही विनवणी करावी लागली नाही.

म्हणून इथल्या गणेशोत्सवात, ही भूमी मूळनिवासींची आहे असं सांगणारं निवेदन वाचताना खुर्च्या सरकतात, फोटो निघतात, ते मला खुपतं. जेमतेम अर्धं मिनिट लागतं हो! गावी कुणाच्या ओटीवर चढण्याआधी आपण हाक देतोच ना? आणि वाचून झालं की संपलं, असंही नको. ऑगस्टअखेर हेगर्सव्हिलजवळ मिसिसागांचा पॉववॉव मेळा भरतो. यंदा मुलांना घेऊन जाणार आहे.

श्रावणात सत्यनारायण आहे. परवा गुरुजींना फोन केला, या वेळी संकल्पात मिसिनिही म्हणा.

“आपण तिच्या कोणत्या तीरावर?” त्यांनी विचारलं.

“पश्चिम.”

“मिसिनिह्याः पश्चिमे तीरे,” ते पुटपुटले, आणि अक्षरं नीट लिहून घ्यायला त्यांनी मला नाव पुन्हा सांगायला लावलं.