आधी जुन्या संपवतो

हॉस्पिटलात असेपर्यंत अप्पांनी गोळी घेतली नाही. त्यांना ती दिली गेली. सिस्टर वेळेवर यायची, गिळेपर्यंत समोर उभी राहायची, कागदावर सही करून जायची. घरी मात्र लोकशाही. अँजिओप्लास्टी करून अप्पा परतले ते डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची फुगलेली पिशवी घेऊन. कपाटात जुन्या गोळ्यांचा डबा होताच.

पैसे मोजून आणलेली वस्तू वाया घालवायची नाही, हे अप्पांचं जीवनसूत्र. "आधी जुन्या संपवतो, मग नव्या सुरू करतो," त्यांनी जाहीर केलं. आईचं मत, दुखणं मोठं आहे तर दोन्ही घ्याव्यात. मामा फोनवरून म्हणाले, "बरं वाटतंय ना? मग हव्यात कशाला?"

मी पिशवी आणि डबा दोन्ही उचलून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये नेलं. तिथल्या फार्मासिस्ट मुलीनं सगळ्या स्ट्रिपा काउंटरवर मांडल्या आणि ब्रँडची ठळक नावं सोडून त्यांखालची बारीक अक्षरं वाचायला घेतली. डब्यातली लांबट गोळी एटोरवास्टॅटिन १० मिलिग्रॅम. पिशवीतली गोल गोळीही एटोरवास्टॅटिनच, फक्त ४०ची. कंपनी वेगळी, नाव वेगळं, औषध एकच. आईच्या हिशेबानं रोजचे ५० झाले असते. अप्पांच्या हिशेबानं अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डबा रिकामा होईपर्यंत पिशवीतच राहिल्या असत्या आणि नव्या स्टेंटमध्ये गुठळी व्हायची भीती. "डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय या दोन्ही बंद करायच्या नाहीत," तिनं बजावलं.

मग डब्यातून डायक्लोफेनॅक निघाली. शेजारच्या काकूंनी गुडघ्यासाठी प्रेमानं दिलेली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर हे प्रेम पोटात रक्तस्राव घडवू शकतं. बीपीच्या जुन्या गोळीबद्दल तर कार्ड मौन पाळून होतं. बंद केली की लिहायची राहिली? डॉक्टरांना फोन लावला. चालू ठेवायची होती!

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली औषधांमुळे होणारी हानी टाळण्याची मोहीम काढली, तेव्हा पेशंट एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो तो टप्पा धोक्याचा म्हणून वेगळा काढला. आमचं घर त्यांनी कधी पाहिलं, कोण जाणे.

आता फ्रिजवर एकच यादी आहे: औषधाचं नाव, कशासाठी, केव्हा, कधीपर्यंत. जुन्या-नव्याचा भेद नाही. फॉलोअपला अप्पांनी ती वकिलाच्या थाटात डॉक्टरांपुढे ठेवली. एका गोळीसमोर 'कशासाठी' हा रकाना कोराच होता. आईला आठवेना, अप्पांना आठवेना. डॉक्टरांनी पाहिलं आणि ती खोडली.

अप्पांचा चेहरा उजळला. पण जिना उतरताना त्यांनी हळूच विचारलं, "अरे, तिची एक अख्खी स्ट्रिप उरलीय. काकूंना चालेल का?"