खळ्यातील विवाह आणि थीमचा प्रश्न

घराच्या अंगणात, मोजक्या आप्तेष्टांसमवेत आणि वधूवरांच्या आवडीनिवडीप्रमाणे आखलेला विवाह ही मराठी मध्यमवर्गाची अलीकडची एक महत्त्वाकांक्षा आहे. पूर्वी लग्ने दारच्या मांडवातच लागत, पुढे ती मंगल कार्यालयात गेली. आणि एप्रिल २०२१ मध्ये करोनाकाळातील निर्बंधांनी महाराष्ट्रातील लग्नाला २५ माणसे व २ तास एवढीच मुभा ठेवली, तेव्हा अनेकांना आपल्या अंगणाची नव्याने ओळख पटली. जुन्या अंगणाला मात्र ‘थीम’ नव्हती. थीम म्हणजे सजावट, पोशाख, पत्रिका आणि जेवण यांना एका सूत्रात ओवणारी कल्पना. ती पत्रिकेत छापावी लागते, कारण नुसते पाहून ती ओळखू येईल याची हमी कोणी देत नाही.

या प्रकाराचा सर्वांत उद्बोधक नमुना कोकणात आढळतो. तेथील घरापुढच्या अंगणाला खळे म्हणतात. पावसाळा सरला की ते चोपून, शेणाने सारवून त्यावर झावळ्यांचा मांडव घालतात, आणि मृगाच्या आत तो उतरवतात. अशा घरातील मुंबईस्थित कन्या मे महिन्यात याच खळ्यात लग्न करण्याचे ठरवते, त्यासाठी पुण्याहून इव्हेंट मॅनेजर, म्हणजे मोबदला घेऊन यजमानाची काळजी वाहणारा गृहस्थ, बोलावते, आणि तो दोन दिवस घर निरखून ‘गावाकडचं घर’ ही थीम सुचवतो. ती एकमताने मंजूर होते. मग टेम्पोतून बैलगाडीचे रंगवलेले चाक, प्लास्टिकची केळीची पाने आणि फायबरची विहीर येते; ही विहीर खऱ्या विहिरीपुढे मांडली जाते, कारण खरी विहीर छायाचित्रात पुरेशी ग्रामीण दिसत नाही. मांडवाच्या मेढी कार्तिकापासून उभ्याच असतात, तरी मुहूर्तमेढ, म्हणजे शुभवेळी पूजा करून रोवायचा मांडवाचा पहिला खांब, विधिपूर्वक रोवली जाते आणि आधीच उभा असलेला मांडव त्या दिवसापासून शास्त्रोक्त उभा राहतो. दोनशे पाहुणे आणि दोन स्वच्छतागृहे या गणिताला कोणत्याच थीममध्ये जागा नसते.

खरी कसोटी फणसाखाली लागते. ‘सेल्फी पॉइंट’ म्हणजे पाहुण्यांनी स्वतःचे छायाचित्र स्वतःच काढावे म्हणून सजवलेला कोपरा, आणि सावलीच्या सोयीसाठी तो फणसाच्या झाडाखाली योजलेला असतो. वर दहा-बारा किलोंचे फळ पिकत आलेले असते. घरातील वडीलधारे ते थापटून, आवाज ऐकून आणखी चार दिवसांची ग्वाही देतात. पण फणस बरका असेल तर या ग्वाहीवर जाणत्याने उभे राहू नये, हे गावकऱ्यांना ठाऊक असल्याने तेथे केवळ वरपक्षाचीच छायाचित्रे निघतात.

विवाहाला ‘व्यक्तिगत’ करण्याचा सोस मात्र नवा नाही, हे मंगलाष्टकांवरून सिद्ध होते. अंतरपाट धरलेला असताना म्हटली जाणारी ही पद्ये बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात, ज्याच्या प्रत्येक चरणात ठरावीक लघुगुरुक्रमाची १९ अक्षरे येतात. आणि दोन्ही घराण्यांतील हयात मंडळींची नावे त्या चौकटीत कोंबण्याचे काम एखादी कविमनाची आत्या पिढ्यानपिढ्या करीत आली आहे. सहस्रबुद्धे हे आडनाव मूळ रूपात या वृत्तात कोठेच बसत नाही, परंतु त्यामुळे आजवर कोणत्याही सहस्रबुद्ध्यांचे लग्न अडलेले नाही. आत्याबाई एक अक्षर गिळतात, नाहीतर वृत्त मोडतात. याहून गंभीर प्रयत्न जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने केला: २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिला सत्यशोधक विवाह पुरोहिताविना झाला, आणि या पद्धतीत वधूवर आपली वचने मराठीत, स्वतःच्या तोंडाने बोलतात. वचने ‘पर्सनलाइज’ करणाऱ्या आजच्या जोडप्यांनी आपण काही प्रथमच करीत आहोत असे मानू नये. फुल्यांच्या खटाटोपाला पोशाखाच्या रंगाचे बंधन नव्हते, एवढाच काय तो फरक.

रंगाच्या बंधनाचे पुढे काय होते, हे पंगतीत दिसते. पाहुण्यांना फिकट गुलाबी पोशाखाची विनंती असते. ती पुण्यामुंबईचे तरुण पाळतात, आणि गावच्या काकू-मावश्या लग्नासाठीच राखून ठेवलेले आपले गर्द हिरवे, जांभळे काठपदर नेसून येतात, त्यामुळे छायाचित्रांत त्याच उठून दिसतात. बुफेसाठी मांडलेल्या टेबलांवर तासाभरात नारळ आणि अहेराच्या पिशव्या चढतात, कारण जमिनीवर पाने मांडली गेलेली असतात आणि पहिली पंगत बसलेलीही असते. इव्हेंट मॅनेजर आक्षेप घ्यायला पुढे येतो, तोच कोणीतरी त्याच्या हाती मठ्ठ्याचे भांडे देते. आणि कमरेचा वॉकीटॉकी सावरत तो तिसऱ्या पंगतीपर्यंत वाढत राहतो, मध्येच एका आजोबांचा ‘जरा घट्ट आण रे’ हा हुकूम ऐकून स्वयंपाकघराकडे वळतो.