बॅकपवाले जावईबापू

प्रत्येक गोतावळ्यात एक असतातच. पन्नाशीच्या आसपासचे, चष्मा कपाळावर. लग्नात फोटोग्राफरला गाठून "अल्बम कधी?" असं न विचारता "कार्डाच्या प्रती किती काढता?" असं विचारणारे. फोटोग्राफर म्हणतो, "एक." त्यानंतर जावईबापूंचं जेवणात लक्ष लागत नाही.

त्यांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स असतं. बटण दाबून बॅकप घेणाऱ्यांबद्दल ते वाईट बोलत नाहीत, नुसतं "असू दे" म्हणतात. स्वतः काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करतात. त्यांचं आवडतं अवजार आरस्नॅपशॉट. १९९६ साली आलेल्या आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामच्या जिवावर चालणारं. त्याला एक खोड आहे. सेटिंगच्या फाइलीत दोन शब्दांमध्ये टॅबच लागतो, स्पेस चालत नाही, आणि दिसायला दोन्ही सारखेच रिकामे. मुलाच्या प्रगतिपुस्तकाकडे पाहिलं नसेल इतकं निरखून त्यांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलेलं असतं. मग कॉन्फिगटेस्ट चालवायची. 'सिंटॅक्स ओके' उमटलं की चहा मागायचा.

सहा अल्फा, सात बीटा, चार गॅमा. म्हणजे दर चार तासांच्या प्रती, रोजच्या आणि आठवड्याच्या. एकूण सतरा फोल्डर, प्रत्येकात सगळा संसार दिसतो, तरी डिस्क सतरापट भरत नाही. कारण न बदललेली फाइल पुन्हा कॉपी होत नाही. डिस्कवरच्या त्याच मजकुराला आणखी एक नाव मिळतं. याला हार्ड लिंक म्हणतात, आणि ती समजावून सांगण्यासाठी पंगतीइतकी चांगली जागा नाही, कारण श्रोता उठून जाऊ शकत नाही. "बघा, मी घरी बंड्या, ऑफिसात साहेब, इथे जावई. माणूस एकच. एक नाव पुसलं तरी मी आहेच. शेवटचं पुसलं की गेलो." शेजारचा घाईघाईनं मठ्ठा मागवतो. मोठ्या फाइलीत एक अक्षर बदललं तरी ती अख्खी नव्यानं साठते. त्यामुळे मेहुण्यानं लग्नाचा व्हिडिओ 'जरा कापून' त्याच नावानं ठेवला, की यांचा चेहरा पडतो.

खरा संघर्ष मात्र गावाला निघताना होतो. गॅस बंद, नळ बंद, आणि बायकोचा हात मेन स्विचवर. जावईबापू दारात आडवे येतात. रोजच्या प्रतीची पहाटे तीनची वेळ क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामला, नेमून दिलेली असते, आणि साधा क्रॉन हुकलेली वेळ नंतर भरून काढत नाही. "एक दिवस नाही झालं तर काय होतं?" या प्रश्नावर ते पिक्सारची गोष्ट काढतात. १९९८ साली तिथे कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि 'टॉय स्टोरी २' पुसला जाऊ लागला. बॅकप काढायला गेले, तर तो धड चाललेलाच नव्हता. तिथे काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांना नुकतंच मूल झालं होतं. घरून काम करता यावं म्हणून त्यांच्याकडे एक प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटात गुंडाळून गाडीतून आणला आणि सिनेमा वाचला. हीच गोष्ट ते प्रत्येक बारशालाही सांगतात, पाळणा संपायच्या आत. बाळंतिणी ती ऐकूनही घेतात. तेवढंच कुणीतरी त्यांच्या बाजूचं बोलतं.

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, असा नियम आहे. घराबाहेर म्हणजे कुठे? सासुरवाडीला. दिवाळीला सांगलीला जायचं ते डिस्क बदलायला. फराळ हे निमित्त. सासूबाई ती काळी डबी कडधान्यांच्या डब्यांमागे ठेवतात. आत काय आहे ते त्यांना माहीत नाही, पण दसऱ्याला विळी-कात्रीबरोबर तिलाही हळदकुंकू लागतं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी चढलं, तेव्हा ती गव्हाच्या पोत्यांबरोबर माळ्यावर गेली. तेव्हापासून दर पावसाळ्यात जावईबापूंचा फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "आयर्विन पुलाशी किती फूट?" सासरे कौतुकानं म्हणतात, जावयाला आमची केवढी काळजी! सासूबाई कडधान्यांकडे बघतात आणि गप्प राहतात.

एवढं सगळं करून यातली एखादी फाइल कधी परत काढली का, हे मात्र त्यांना विचारू नये. त्या संधीची वाट बघण्यात वर्षं जातात. अखेर एका रात्री मुलगा ओरडतो, "बाबा, प्रोजेक्ट उडालं!" जावईबापू धावत नाहीत. शर्टाची बटणं लावून येतात, खुर्ची ओढतात आणि विचारतात, "कुठलं हवं? दुपारचं, मंगळवारचं, की तीन आठवड्यांपूर्वीचं?"

"राहू दे बाबा. मित्रानं व्हॉट्सॲपवर पाठवलं."

जावईबापू तरीही मंगळवारचं काढतात. मित्राच्या प्रतीशी ओळीला ओळ लावून बघतात. आणि दुसऱ्या दिवशी जेवताना, सगळे पानावर बसल्यावर, सांगतात की त्या मुलाच्या प्रतीत चौथ्या पानावरचा तक्ता गळला आहे.